कशी फुटली?

गाडीची काच सांगून फुटत नाही, पण फुटली की भल्याभल्यांना गोष्टी सांगायला लावते. शाळा सुटल्यापासून ज्याने चार ओळींचं पत्र लिहिलेलं नाही, असा माणूसही तडा गेलेली काच घेऊन आमच्या मुलुंडच्या गाळ्यासमोर उतरला की त्याच्या वाणीला पालवी फुटते. डंपर येतो, डंपरातून खडी उडते, एवढ्या गाड्यांतून ती नेमकी ह्याचीच गाडी पसंत करते, हा तर अगदी डाव्या लेनमध्ये असतो, वेग म्हणाल तर बैलगाडीचा, आणि तरीही... 'आणि तरीही'पाशी थांबून तो काचमामांकडे बघतो. मामा मान हलवतात. काचेवर तळवा ठेवतात, तडा जिथून निघाला तिथे नख फिरवतात, पुन्हा मान हलवतात आणि वही उघडतात. वहीत चार रकाने आहेत : गाडी, काच, रक्कम आणि 'कशी फुटली'. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द उतरत गेलेला आहे. दगड. त्याच्याखाली दगड. पान उलटा, तिथेही दगड. वाचणाऱ्याला वाटावं, मुलुंडवर कुणीतरी डोंगरावरून मारा करतंय.

हा गाळा एलबीएस रोडला लागून आहे. पाटीवर लाल बहादुर शास्त्री मार्ग असलं तरी जुनी माणसं अजून त्याला आग्रा रोडच म्हणतात, आणि खरंच, नाकासमोर जात राहिलं तर कधी ना कधी आग्रा यायला हरकत नाही. फक्त आधी चेकनाक्याची गर्दी पार करता आली पाहिजे. ह्या रस्त्यावरचे कारखाने गेले, मॉल आले, त्यातले काही मॉलही गेले, टॉवर आले, आता मेट्रो ४चे खांब आलेत. ह्या सगळ्या उलथापालथीत कुणाचं लक्षच न गेल्यामुळे हा गाळा राहून गेला. निवृत्त माणसाने नाना-नानी पार्कात बसून गुडघ्यांवर चर्चा करावी असा उपनगरांचा संकेत आहे. मी मामांच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो. माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे काच नाही, त्यामुळे मला सांगण्यासारखी गोष्टही नाही. म्हणूनच बहुधा मामा मला बसू देतात.

मामा तडे वाचतात, हे कळायला मला थोडा वेळ लागला. बाहेरून खडा लागला की वरच्या थरात टाचणीच्या डोक्याएवढा खळगा पडतो आणि तिथून रेषा फुटतात. बाहेरून नख फिरवलं की तो लागतो. मार आतून बसला असेल तर खळगा आतल्या अंगाला, आणि काच बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेली. कुठलाच मार नसेल तर तडा कडेपासून निघतो : मे महिन्यात भर उन्हात उभ्या गाडीवर कुणीतरी गार पाण्याची बादली ओतलेली असते, नाहीतर आधीच्या कारागिराने काच घाईत बसवलेली असते. काही तडे बराच वेळ सरळ जातात आणि एका जागी त्यांना दोन फाटे फुटतात. त्या जागेला मामा 'कल्याण' म्हणतात. एक फाटा कर्जतला, एक कसाऱ्याला. कसारा जर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून जात असेल तर काच बदलायचीच. कर्जत बाजूला असेल तर गिऱ्हाईक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतं, आणि तेवढ्यात पावसाळ्यातला एखादा खड्डा त्याला खोपोलीपर्यंत नेऊन सोडतो.

मध्यंतरी एक जोडपं आलं होतं. ठाण्याच्या पुढे, डंपर, खडी, डावी लेन, सगळं यथासांग झालं. गृहस्थ सांगत होते आणि बाई समोरचा मेट्रोचा खांब इतक्या बारकाईने बघत होत्या की जणू त्यांनीच तो पास करायचा आहे. मामांनी बाहेरून नख फिरवलं. गुळगुळीत. दार उघडून आतून तळवा फिरवला, आणि एका जागी हात थबकला. मागच्या सीटवर, पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून, पडद्याचा एक लांबलचक स्टीलचा रॉड निवांत पहुडला होता. कुठेतरी कचकन ब्रेक लागला असणार, आणि त्याआधी 'तो रॉड आडवा ठेवा' असं कुणीतरी म्हटलं असणार, किंवा म्हटलं नसणार. मामांनी रॉड हळूच बाहेर काढला, "काम करताना अडेल" म्हणून भिंतीला टेकवला, आणि वहीत लिहिलं, दगड. ती दोघं चहा प्यायला गेल्यावर मी मामांकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, "साहेब, काच मी बसवतो. त्यांचं त्यांना बसवू द्या."

आमच्या लहानपणी काच फुटण्याला मांजर जबाबदार असे. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, संध्याकाळी कंदील लागायचे, आणि ते आमच्याच जिल्ह्यातल्या ओगलेवाडीचे असत. ओगल्यांचा काच कारखाना १९१६ सालचा, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर. त्याच्याही आधी, १९०८ साली, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाने तळेगावला काच कारखाना काढला होता. म्हणजे आपली काच अशी वर्गणीतून आणि स्वदेशीच्या व्रतातून वर आलेली. त्यामुळे कंदिलाची काच फुटली की घरात निव्वळ काच फुटल्याचं नव्हे, चळवळीला धक्का बसल्याचं वातावरण होई. काच पुसायचं काम मुलांकडे, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. चुलीतली राख, जुन्या धोतराचा तुकडा, आणि आत फिरणारी चिमुकली मूठ. एकदा ती सुटली आणि फरशीवर गेली. मी ताबडतोब मांजर म्हणून सांगितलं. आजीने तुकडे सुपलीत भरले, माझ्या राखेने माखलेल्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मांजराला म्हणावं, उद्यापासून दोन्ही हातांनी धरत जा."

कंदिलाच्या काचेचा एक प्रामाणिकपणा होता, ती फुटली की फुटली. गाडीची पुढची काच तशी नाही. तिच्यावर जाळं उमटतं, पण ती जागची हलत नाही, कारण ती मुळात एक काच नसून दोन काचा आहेत आणि मधे प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा आहे. त्याचा शोध पॅरिसमधल्या एदुआर बेनेडिक्टस ह्यांचा. रसायनशास्त्रज्ञ, शिवाय चित्रकार. १९०३च्या सुमारास त्यांच्या हातून प्रयोगशाळेतला एक चंबू उंचावरून खाली पडला म्हणतात. त्याला चिरा गेल्या पण तो आपला आकार धरून राहिला. आत पूर्वी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेट वाळून काचेला आतून साय धरली होती. १९०९ साली त्यांनी पेटंट घेतलं. आपल्याकडे पुढची काच अशीच असली पाहिजे हा नियम यायला नव्वदीचं दशक उजाडलं. तुकडे एकमेकांना सोडून जात नाहीत, ह्यात काचेची काहीच कर्तबगारी नाही, ती त्या न दिसणाऱ्या पापुद्र्याची. मामांच्या वहीतला तो दगड मला कधीकधी तसाच वाटतो. कुणाच्या तरी घरातल्या दोन कडक थरांमध्ये त्यांनी अलगद सरकवून दिलेला.

मामा हे काम शिकले फियाटवर. ह्याच रस्त्याने खाली गेलं की कुर्ला, तिथे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, आणि तिथूनच पद्मिनी निघून मुंबईभर टॅक्सी म्हणून विखुरल्या. पद्मिनीची काच 'रबरवाली'. आधी काचेला भोवताली रबर चढवायचं, रबराच्या खाचेत साबणाचं पाणी लावून दोरी भरायची, दोरीची दोन्ही टोकं खाली मध्यावर सोडायची. मग काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. एक जण बाहेरून तळहाताने दाबणार, दुसरा आत बसून दोरी ओढणार. दोरी इंच इंच सुटते तशी रबराची कड पत्र्याच्या आतल्या अंगाला चढत जाते. आतल्याचा आवाज बाहेरच्याला ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं काचेवरच्या थापांनी. एक थाप म्हणजे दाब, दोन म्हणजे थांब, आणि अनेक म्हणजे बोट सापडलंय. मामा तेव्हा अंगाने बारीक, म्हणून कायम आत. "मी मुंबई आधी आतून बघितली," ते म्हणतात. पद्मिनी टॅक्सी हळूहळू गेल्या. शेवटचीही वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर एकही उरली नाही. मामांच्या पोटमाळ्यावर पद्मिनीच्या रबराचं एक भेंडोळं अजून आहे. हे आता कुणाला लागणार, असं मी विचारलं. "असू दे की. एखादा हौशी म्हातारा येतोच," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

आताच्या काचा 'पेस्टिंगवाल्या'. जुनी काच तारेने कापून काढायची, एक आत एक बाहेर, आरीसारखी तार ओढत. मग चौकट साफ, प्रायमर, आणि बंदुकीतून काळ्या गमची धार. ही धार सुरू केली की सुरू केलेल्या जागी परत येईपर्यंत हात थांबायचा नाही. मध्ये खंड पडला की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी गिऱ्हाइकाच्या मांडीवर. त्या वेळी मामा श्वासही धारेच्या लयीत घेतात, आणि शेजारच्या टायरवाल्यालाही ठाऊक आहे की आत्ता हाक मारायची नाही. काच चोखणीच्या कपांनी उचलून दोघं ती खाली आणतात, टेकवण्याआधी क्षणभर अधांतरी धरतात. टेकली की टेकली. काचेच्या कडेला जी काळी पट्टी आणि तिच्या पुढे विरत जाणारे ठिपके असतात, ती नक्षी आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती ह्या गमला ऊन लागू नये म्हणून. पदराच्या काठाखाली शिवण झाकावी, तशी.

ह्या गमची गंमत अशी की तो हवेतला दमटपणा पिऊन सुकतो. हवा कोरडी असली की रेंगाळतो, दमट असली की भराभर धरतो. मुंबईच्या दमट हवेला उभ्या शहराने शिव्या दिल्या आहेत. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, पुस्तकांना बुरशी येते. घामाघूम होऊन आकाशाकडे बघत "वा, आज हवा छान आहे" म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. पण कितीही धरला तरी गमला त्याचा वेळ द्यावाच लागतो. तोवर गाडी हलवायची नाही, दार आपटायचं नाही, खिडकीची काच बोटभर खाली ठेवायची, नाहीतर दार लावताना आतली हवा ओल्या काचेला ढकलते. दोन मिनिटांनी लोकल चुकली तर ज्यांचा दिवस नासतो, अशा माणसांना मामा "आता जरा बसा" म्हणतात, आणि ती बसतात. मोबाइल बघतात, मग मोबाइलचाही कंटाळा येतो. मग सुरुवातीला रंगवून सांगितलेला डंपर हळूहळू विरघळायला लागतो. त्याचा वेग कमी होतो, खडी लहान होते, डावी लेन मधे सरकते. स्टुलावर बसलेल्या एका तरुणाने तर चहाच्या दुसऱ्या कपाला आपण होऊन कबूल केलं की डंपर नव्हताच. साहेबांशी भांडण झालं होतं आणि फोन हातात होता. मामा तेव्हा काचेच्या कडेची टेप गुळगुळीत करत होते. "आजकाल फोन पण दगडासारखे जड काढतात," एवढंच म्हणाले.

ह्या वेळात देव फळीवर असतात. जुनी काच काढायची म्हणजे डॅशबोर्ड मोकळा करावा लागतो, आणि आमच्याकडे डॅशबोर्ड कधीच मोकळा नसतो. मामा हात धुऊन मूर्ती उचलतात आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवतात. कामाच्या दिवशी तिथे दोनतीन गणपती, एक साईबाबा, ऑर्लेमच्या कुणाची तरी वेलांकण्णी माता, चेंबूरच्या टॅक्सीतले बुद्ध आणि ७८६चा एक पितळी बिल्ला अशी मंडळी एका रांगेत असतात. परत देताना अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाखाली गाडीच्या नंबराची चिठ्ठी. गणपतींचा घोळ एकदा होता होता वाचला. देव परत बसतात, पण काचेवरची बाकीची माणसाची मिळकत बसत नाही : सोसायटीचं पार्किंगचं स्टिकर, क्लबाचं वर्तुळ, मुलाच्या शाळेच्या वार्षिक संमेलनाचा पास, जो मुलगा आता नोकरीला लागलाय. आणि फास्टॅग. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला, आणि तो असा बनवलाय की एका काचेवरून निघून दुसरीवर जाऊच नये. एवढी एकनिष्ठ वस्तू हल्ली दुसरी नाही. नवी काच बसली की गाडी मुंजीच्या दिवशीच्या बटूसारखी बोडकी दिसते, आणि मालक तिच्याभोवती फिरून म्हणतात, "कायतरी चुकल्यासारखं वाटतंय."

माणसाला आरपार दिसावं असं किती वाटतं, ह्याचा अंदाज मामांना २०१२ साली आला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी २७ एप्रिलला निकाल दिला, की ४ मेपासून गाडीच्या काचांवर काळी फिल्म चालणार नाही. पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, तोही काच बनतानाच, वरून काही चिकटवून नव्हे. त्या मे महिन्यात मामांनी काचा बसवल्या कमी आणि फिल्म खरवडल्या जास्त. आत काय काय रहस्यं दडली असतील म्हणून आसपासची पोरं जमायची. निघालं काय? वाळत घातलेला टॉवेल, निम्मी खाल्लेली वेफर्सची पुडी, लवंडलेली छत्री, आणि तोंड उघडं टाकून झोपलेला ड्रायव्हर. एवढं झाकायला माणसं पोलिसांशी हुज्जत घालत होती. पन्नास टक्के हा आकडा मला मात्र आवडतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांत, नातलगांत, निम्मं दिसावं आणि निम्मं ज्याचं त्याच्याकडे राहावं, इतका समजूतदार हिशेब एरवी कुणी घालून दिलेला नाही.

विमावाल्यांचा हिशेब त्याहून वरचा. गाडीच्या विम्यात प्रत्येक सुट्या भागाला घसारा लागतो. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन अर्ध्यावर येतं. पत्रा गाडीच्या वयाप्रमाणे उतरत जातो. काचेला मात्र घसारा शून्य. काच जुनी होत नाही, असं छापील कागद सांगतो. मामांनी ते कलम मला मोठ्याने वाचायला लावलं, कारण बारीक अक्षर त्यांना आता चष्म्यानेही लागत नाही. मग म्हणाले, "बसवणाऱ्याचं काय लिहिलंय बघा त्यात." मी उलटसुलट पाहिलं. काही नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी मुलाची गाडी घेऊन आले, बरोबर नातू. ह्या गृहस्थांना मी ओळखतो. 'आवारात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे, हुकमावरून' ही पाटी त्यांचीच, आणि हुकूम हा शब्द त्यांनी दोनदा रंगवून घेतलाय. ऐरोलीच्या अलीकडे डंपर होता, असं त्यांनी सुरू केलं. मामांनी तळवा ठेवला. जाळ्याच्या मधोमध सीझन बॉलच्या लाल कातड्याची एक ठसठशीत चंद्रकोर उमटली होती. मामांनी ती ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि वहीत लिहिलं, दगड. आजोबा समाधानाने एटीएमकडे गेले. नातू पेप्सीकोला चोखत उभा होता. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"टाकत कोण होतं?"

"आजोबा."

"स्पिन?"

"त्यांना वाटतं स्पिन आहे."

"मग तू काय, सिक्स मारलास?"

"नाही, आउट झालो. गाडीला डायरेक्ट लागला की आउट."

"हा रूल कुणाचा?"

"आजोबांचा. काच फुटल्यावर केला."